फायलीचा पहिला घास

चहात घालण्याआधी साखर बोटाच्या टोकावर घेऊन जिभेला लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या ऑफिसात चहाच्या टेबलावर डबा होता, त्यावर मोठ्या अक्षरांत 'साखर' लिहिलेलं होतं. डबा काचेचा होता, आतलं बाहेरून दिसायचं, आणि सकाळपासून सगळे त्यातलीच साखर घेत असायचे. तरी काका चिमूट उचलणार, जिभेला लावणार, क्षणभर छताकडे बघणार आणि मग चमचा घालणार.

"काका, डब्यावर लिहिलंय ना," मी नवी होते तेव्हा म्हटलं होतं.

"लिहेल त हाय," ते म्हणाले. "पन लिवनाऱ्यानंच डबा भरला का?"

त्यांच्याबरोबर काम केलं त्या सगळ्या काळात असंच होत राहिलं. ते काहीतरी वेडगळ विचारायचे आणि आपल्याला वाटायचं, यात चूक काय आहे ते उद्या शोधून काढू.

त्यांना काका म्हणायचे म्हणून ते म्हातारे होते असं नाही. चाळिशीच्या आसपासचे होते. केस मात्र कापसासारखे पांढरे. आमची कंपनी अमरावतीत राजापेठेच्या बाजूला, एका कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर होती. इथं सगळे एकमेकांना सर म्हणत. काकांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "मले सर म्हनू नोका, सर शाळेत असतात." मग कुणीतरी केस बघून काका म्हटलं आणि तेच राहिलं. त्यांची हरकत नव्हती. नाव या गोष्टीलाच ते फारशी किंमत देत नसत. आमच्या मालकांनी केबिनच्या दारावर पितळी पाटी लावून घेतली होती, खाली हुद्दाही. काका दार वाजवून विचारायचे, "कोन हाय अंदर?" मालक आतून म्हणायचे, "मी आहे." मग काका म्हणायचे, "हा, मंग ठीक," आणि आत जायचे. मालक चिडले असते तर रोज चिडावं लागलं असतं, म्हणून त्यांनी तो नाद सोडला होता.

एसटीच्या बाबतीत तर कहरच. गाडीवर 'अकोला' अशी पाटी असली तरी ते ड्रायव्हरला विचारायचे, मग कंडक्टरला विचारायचे, आणि चढल्यावर खिडकीत बसलेल्या एखाद्या बाईला विचारायचे, "तुमी कोठी चालल्या?" ती अकोल्याला चालली असली की तिच्या मागच्या सीटवर बसायचे. कारण एकदा अकोल्याची पाटी लावलेल्या गाडीनं त्यांना दर्यापूरला नेऊन सोडलं होतं. दर्यापूर माझं गाव. मी म्हटलं, "मग बरं झालं, आमचं गाव तरी पाहिलंत."

"गाव चांगलं हाय," ते म्हणाले. "पन मले जाचं नोतं."

हा माणूस आमच्याकडे जावास्क्रिप्ट लिहायचा, आणि फार छान लिहायचा. त्यांची एक खास विद्या होती. कोणतीही फाइल त्यांना द्या, ते नावाकडे बघायचे नाहीत. नावाच्या शेवटी पीडीएफ लिहिलंय की जेपीजी, ते बोटानं झाकून टाकायचे, आणि फाइल उघडून तिचे अगदी सुरुवातीचे बाइट बघायचे. प्रत्येक जातीच्या फायलीच्या कपाळावर एक खूण असते. पीडीएफची सुरुवात टक्क्याच्या चिन्हानं आणि पीडीएफ याच अक्षरांनी होते. पीएनजी फोटोत पहिला बाइट सोडला की पीएनजी असं लिहिलेलंच असतं. जेपीजीची खूण वेगळी. नाव कुणालाही बदलता येतं, ही खूण सहसा कुणी बदलायला जात नाही. "नाव बाहेरून चिटकवते माणूस," काका म्हणायचे, "पह्यला घास खोटं नाई बोलत."

त्यांच्या या विद्येचा कस लागला तो अकोल्याच्या वधू-वर मंडळाच्या कामात.

मंडळ जुनं होतं. दरवर्षी परिचय मेळावा घ्यायचे, एक पुस्तिका छापायचे. सगळा कारभार एक बाई बघायच्या. सगळं अकोला त्यांना ताई म्हणतं. वय काकांच्याच आगेमागे, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, आवाज असा की फोन नसता तरी पातूरपर्यंत ऐकू गेला असता. दुसऱ्यांची लग्नं लावता लावता स्वतःचं राहून गेलं, असं त्या स्वतःच सांगायच्या, आणि सांगून झालं की पुढच्या कामाला लागायच्या. त्यांनी ठरवलं की या वर्षी नोंदणी इंटरनेटवरून करायची. मुलामुलींनी फोटो आणि बायोडाटा घरबसल्या पाठवायचा. ते काम आमच्या कंपनीकडे आलं.

आम्ही साइट केली. फोटोच्या जागी जेपीजी किंवा पीएनजी, बायोडाट्याच्या जागी पीडीएफ. साइट फक्त नावाची शेवटची तीन अक्षरं बघायची. काकांनी तेव्हाच नाक मुरडलं होतं, पण मालकांना घाई होती. नोंदणी सुरू झाली आणि तिसऱ्या प्रहरी सर्व्हर बसला. उठवला की पुन्हा बसायचा.

शोधलं तेव्हा सापडलं की पातूरच्या एका मुलानं बायोडाटा म्हणून स्वतःचा व्हिडिओ पाठवला होता. शेतात चालतानाचा, ट्रॅक्टरवर बसलेला, मागं गाणं लावलेलं, चांगला लांबलचक. साइट पीडीएफ मागते म्हणून त्यानं नाव बदलून 'बायोडाटा.पीडीएफ' केलं होतं. आणि आमचा कोड असा, की अख्खी फाइल आधी मेमरीत घ्यायची आणि मग तिचं काय करायचं ते ठरवायचं. मुलगा चिकाटीचा होता. जात नाही म्हटल्यावर तो पुन्हा पुन्हा पाठवत होता.

मालक म्हणाले, "मोठा सर्व्हर घेऊ."

"काहून?" काका म्हणाले. "पाव्हना कोन हाय हे पाहाले घर मोठं कराव लागते का? दारात उभं राहाव लागते."

मग त्यांनी मला समोर बसवून समजावलं. त्यांच्या गावी, भातकुलीला, घरची भाजीची बाग, त्यामुळे उदाहरण पाण्याचं. "फाइल काही एकदम येत नाई. पाटाच्या पान्यासारकी येते, थोडी थोडी. आपन काय करून राह्यलो? सारं पानी हौदात घेतो अन् मंग पाह्यतो गढूळ हाय का. तसं नाई कराचं. पाटाच्या तोंडाशी उभं राह्यचं. पह्यली ओंजळ घ्याची. बरी असली त जाऊ द्याचं, नसली त तेथीच बांध घालाचा. बाकीचं पानी येऊच नाई द्याचं."

यालाच स्ट्रीम म्हणतात, आणि जावास्क्रिप्टमध्ये ते करायला चांगली सोय आहे. काकांनी दोन दिवसांत ते लिहिलं. फाइल यायला लागली की सुरुवातीचे थोडेच बाइट काढायचे, खूण ओळखायची, मंजूर असेल तर उरलेलं पुढं सोडायचं, नसेल तर तिथंच दार लावून पाठवणाऱ्याला निरोप द्यायचा. मी तऱ्हेतऱ्हेच्या फायली नावं बदलून पाठवल्या. गाण्याला फोटो म्हटलं, फोटोला पीडीएफ म्हटलं. काकांचा कोड एकदाही फसला नाही. पातूरच्या मुलाचा व्हिडिओ पहिल्या ओंजळीतच अडला. सर्व्हर सुरळीत चालायला लागला. मालकांनी सगळ्यांना कचोरी खाऊ घातली. काकांनी आपली कचोरी आधी कडेला मोडून बघितली.

नोंदणी धो धो सुरू झाली. आणि पुस्तिका छापायला जायच्या थोडं आधी अकोल्याहून ताईंचा फोन आला. मालकांनी तो उचलला, ऐकला आणि काकांच्या हातात दिला. आवाज सगळ्या ऑफिसला ऐकू येत होता.

"अहो, एकबी फोटो उघडत नाई. पोट्ट्याइचे नाई, पोरीइचे नाई. बायोडाटेबी नाई उघडत. नुसते करडे चौकोन दिसून राह्यले. कोनाले तोंडच नाई."

काकांनी लॅपटॉप ओढला. एक फाइल उघडून तिची सुरुवात बघितली. मग दुसरी. मग लॅपटॉप मिटला आणि फोनमध्ये म्हणाले, "येतो आमी."

अकोल्याची गाडी मिळाली. त्यांनी ड्रायव्हरला, कंडक्टरला विचारलं. प्रवाशाला विचारायचं मात्र विसरले. त्यावरून मला कळलं की प्रकरण गंभीर आहे. बडनेरा मागं पडल्यावर मी विचारलं, "झालं काय, काका?"

"पह्यला घास घेतला," ते म्हणाले, "अन् ताटात परत ठेवाचा राह्यला."

हे इतकं साधं होतं. खूण ओळखण्यासाठी त्यांचा कोड फायलीच्या सुरुवातीचे बाइट काढून घ्यायचा, पण ते पुन्हा प्रवाहात सोडत नव्हता. पुढं जायची ती कपाळ नसलेली फाइल. ओळख अचूक पटत होती आणि ओळख पटलेली प्रत्येक गोष्ट त्याच क्षणी बिघडत होती. आम्ही सगळ्यांनी तपासलं ते एवढंच, की कोड फोटोला फोटो म्हणतो की नाही. आत गेलेला फोटो उघडून बघावा असं एकाच्याही मनात आलं नाही. फोटो म्हटल्यावर फोटोच असणार.

मंडळाचं ऑफिस म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला खुर्च्या, खुर्च्यांवर आईबाप. त्यांना कुठून तरी कळलं होतं. एक गृहस्थ म्हणत होते की आमच्या मुलीचा फोटो स्टुडिओत जाऊन काढला होता. ताई टेबलामागं उभ्या होत्या. त्यांनी काकांना वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तुमीच का थे? आमच्या पोट्ट्याइचे तोंडं खाल्ले तुमी."

कुणीही दुसरं असतं तर सर्व्हर, नेटवर्क, काहीतरी सांगितलं असतं. काका म्हणाले, "हो मॅडम. खाल्ले."

भांडायची सगळी तयारी करावी आणि समोरच्यानं कबूलच करून टाकावं, तसं ताईंचं झालं. शिवाय मॅडम. अकोल्यात त्यांना मॅडम कुणी म्हणत नव्हतं. नंतर मी काकांना विचारलं होतं, सगळे ताई म्हणतात तर तुम्ही का नाही म्हणत. ते म्हणाले, "मले काय मालूम त्या कोनाच्या ताई हायेत. माह्या त नाई."

"परत येतील का?" ताईंनी विचारलं.

"बसू द्याल त येतील."

त्यांनी टेबलाचा अर्धा भाग रिकामा करून दिला आणि काका बसले. वाचवणारी गोष्ट एकच होती. त्यांच्या कोडनं खाल्ले होते ते फक्त ओळखीच्या खुणेचे बाइट, आणि खूण एकेका जातीत सगळ्यांची सारखीच असते. कोणती फाइल कोणत्या जातीची निघाली हे कोडनंच नोंदवून ठेवलेलं होतं. म्हणजे ज्याला जी खूण, ती त्याच्या कपाळावर परत चिकटवायची. काकांनी तेवढा छोटा कोड तिथंच बसून लिहिला. मग एक फाइल घेतली, तिला खूण चिकटवली, आणि ताईंच्या स्क्रीनवर उघडली. निळ्या पडद्यासमोर बसलेली एक मुलगी दिसली. स्टुडिओवाले गृहस्थ खुर्चीतून उठले. "हे माही," म्हणाले, आणि पुन्हा बसले. रुमाल काढला.

त्यानंतर सगळे आईबाप टेबलाभोवती जमले. चेहरे एकामागून एक परत येत होते. त्यात दर्यापूरच्या एका मुलानं स्वतःऐवजी बैलजोडीचा फोटो पाठवलेला निघाला. एकानं आधार कार्डाचा. एका उमेदवाराच्या जागी त्याचा नुसता बंगला होता.

"हे तुमच्या कोडनं कसं काय घेतलं?" ताई म्हणाल्या.

"फोटो हाय इतकंच सांगते थो," काका म्हणाले. "फोटोत बैल हाय का नवरदेव, हे त्याले नाई समजत."

ताई पहिल्यांदा हसल्या. हसताना चष्मा नाकावरून घसरून दोरीला लोंबायला लागला.

तेवढ्यात मंडळाचा फोन वाजला. ताईंचे हात कीबोर्डवर होते म्हणून त्यांनी स्पीकरवर घेतला. पलीकडून एका बाईचा म्हातारा, ठणठणीत आवाज आला.

"मंडळच ना? माही तक्रार हाय. माह्या पोराचा बायोडाटा तुमचं मशीन घेऊन नाई राह्यलं. पोरगा सोता कॉम्प्युटरमधी हाय, अन् त्याचीच फाइल कॉम्प्युटर घेत नाई, हे कसं?"

काकांचे हात थांबले. फोनवर नाव दिसलं तरी "कोन बोलते?" असं विचारल्याशिवाय न बोलणारा माणूस, पण हा आवाज त्यांनी पहिल्या शब्दाला ओळखला होता. पांढऱ्या केसांखाली कान लाल झालेले मी तेव्हा बघितले.

"कोनतं गाव, माय?" ताई म्हणाल्या.

"भातकुली."

"मुलाचं नाव?"

माउलीनं नाव सांगितलं. ताईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि टेबलाच्या दुसऱ्या अर्ध्याकडे बघितलं.

"फोन ठेवाले सांगा तिले," काका पुटपुटले.

"काहून?" ताई म्हणाल्या, आणि फोनमध्ये सांगितलं, "माय, तुमी थो मजकूर माह्या मोबाइलवर पाठवा. मी पाह्यतो."

झालं होतं असं. आईनं मुलाला न विचारता शेजारच्या मुलीला मजकूर सांगितला होता, तिनं तो साध्या अक्षरांत टाइप केला आणि नाव बदलून पीडीएफ म्हणून चढवला. काकांच्या कोडनं पहिली ओंजळ घेतली, खूण शोधली, सापडली नाही, आणि काकांचा बायोडाटा दारातूनच परत पाठवला. साध्या मजकुराला खूण नसतेच. तो पहिल्या अक्षरापासून सरळ सुरूच होतो.

"मशीननं बराबर केलं," काका म्हणाले. "नियमात नाई बसत."

"मंडळ मशीन नाई चालवत. मी चालवतो," ताई म्हणाल्या आणि मोबाइल उघडून मोठ्यानं वाचायला लागल्या. खोलीत आईबाप होतेच, ते ऐकायला लागले.

"पोरगा सरळ हाय. बोलते तोडून, पन मनात काही नसते. केस पांढरे हायेत, त्याच्या बापाचेबी लवकरच झाले होते. सारं आधी चाखते. वरनात मीठ कमी असलं त उठून घेते, नाव ठेवत नाई. आयतवारी माह्यासंग भाजी घेऊन बजारात बसते. काकडी मोडून चाखते, कडू निंगाली त गिऱ्हाइकाले देत नाई, मंग बजार अर्धा वापस आला तरी चालते. पोरगी कशीबी चालन. पन तो काहून काहून लय करते, त्याले जवाब देनारी पाह्यजे."

काका लॅपटॉपच्या पडद्यात इतके घुसले होते की त्यांचं फक्त डोकं दिसत होतं.

ताईंनी मोबाइल टेबलावर ठेवला. "येवढ्या वर्षांत बायोडाटे वाचले," त्या म्हणाल्या. "सारे पोट्टे निर्व्यसनी अन् मनमिळाऊ. काकडी पह्यल्यांदा आली." मग जरा वेळानं कामाच्या आवाजात म्हणाल्या, "असा साधा मजकूर पाठवनारे लय असतात खेड्यापाड्याचे. तुमच्या दारानं त्याले घेतलं पाह्यजे."

"त्याले ओळखाची खून नसते."

"मंग वाचा."

काकांनी वर बघितलं. वाद घालतील असं मला वाटलं होतं. "वाचता येते," ते म्हणाले. "येते तसं तसं वाचत जाचं. शेवटपावेतो कोठी उलटंसुलटं अक्षर नाई आलं, त मजकूर म्हनाचं. पन मंग पह्यल्या घासात नाई समजत. सारं येईस्तोवर थांबाव लागते."

"थांबा ना," ताई म्हणाल्या. "घाई कोनाले हाय?"

पुस्तिका वेळेवर छापली गेली. बैलजोडीवाल्याकडून नवा फोटो मागवला होता, त्यातही बैल होते, पण या वेळी तो स्वतः मधे उभा होता. मेळावा पार पडला. काकांनी घास परत ताटात ठेवणारा कोड लिहिला, आणि साध्या मजकुराचाही. काम संपलं.

काकांचं मात्र संपलं नाही. सर्व्हर जगात कुठंही असला तरी तो अमरावतीत बसून बघता येतो, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. पण आता ते म्हणायचे, "तेथलं नेट तेथीच जाऊन पाहाव लागते." मग अकोला. पुन्हा काही दिवसांनी, "प्रिंटर जोडून द्याचा हाय." मालकांनी एकदा विचारलं की प्रिंटर कधीपासून आपल्या कामात आला. काका म्हणाले, "आला असंन." मला ते बरोबर न्यायचे. का, ते मला तेव्हा कळलं नाही. बहुतेक एकट्यानं जायला कारण पुरत नसावं.

असेच एकदा आम्ही मंडळात बसलो होतो. काका एका अगदी धडधाकट प्रिंटरची तपासणी करत होते. ताई पत्रिका लावत होत्या. फोन वाजला, ताईंनी उचलला. मूर्तिजापूरचं कुणी कुटुंब होतं. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर ताईंनी काकडीचा तो बायोडाटा जसाच्या तसा छापला होता, तो त्यांना आवडला होता. मुलगी शिक्षिका आहे, पुढं बोलणी करायची का, असं ते विचारत होते.

ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "त्याइचं जमलं," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवून पुढची पत्रिका उचलली.

प्रिंटरमागून काकांचं डोकं वर आलं. "माहं कोठी जमलं?"

"अजून नाई जमलं."

"मंग त्याइले तसं काहून सांगतलं?"

ताईंनी पत्रिका खाली ठेवली. चष्मा काढला आणि दोरीला सोडून दिला. "सांगतलं खरं," त्या म्हणाल्या. "अन् या फोनवर मी आजपावेतो कोनाले खोटं नाई सांगतलं. आता काय कराचं थे तुमी पाहा."

वरचा पंखा खडखडत होता. काकांनी प्रिंटरची वायर काढली, हातात धरली, पुन्हा लावली. प्रिंटरनं आपोआप एक कोरा कागद बाहेर टाकला. काकांनी तो उचलून दोन्ही बाजूंनी बघितला, टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे वळले.

"तू पुढच्या गाडीनं निंग," ते म्हणाले. "मले फोन कराचा हाय."

मोबाइल घेऊन ते बाहेर जिन्यात गेले. दार उघडंच राहिलं. ताई पत्रिकांचा गठ्ठा पुन्हा पुन्हा सरळ करत होत्या, तो आधीच सरळ होता. मी पिशवी उचलली, पण निघाले नाही. जिन्यातून काकांचा आवाज आला. इतक्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"आई, मी बोलून राह्यलो. उभी असशीन त आधी खाली बस."